नवीन वायपर ब्लेड टाकूनही काच पुसली जात नाहीये, जुनी वॅगन आर, मदत हवी

पावसाळी_पुणेकर:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून.

गाडी बाबांची, २००८ ची वॅगन आर, पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलंय, इंजिन अजून छान आहे आणि विकायचा विचार अजिबात नाही. गेल्या आठवड्यात माणगावला मावशीकडे गेलो होतो, निघायला उशीर झाला आणि ताम्हिणीत रात्री आठच्या सुमारास असा पाऊस लागला की काय सांगू. वायपर फुल स्पीडवर होते तरी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर वीतभर रुंदीचा एक पट्टा पुसलाच जात नव्हता, वायपर वरून फिरून जायचा आणि पाणी तिथेच. समोरून गाडी आली की तिचे लाईट त्या पट्ट्यात फुटून सगळीकडे पसरायचे आणि एक-दोन सेकंद रस्ता दिसतच नव्हता, कडेचा पांढरा पट्टा पण नाही. शेजारी आई, मागे माझा सहा वर्षांचा मुलगा झोपलेला. शेवटी एका बंद टपरीसमोर रुंद जागा दिसली तिथे गाडी आत घेऊन चाळीस मिनिटं थांबलो, पाऊस कमी झाल्यावर निघालो. इतकी वर्षं गाडी चालवतेय पण एवढी भीती कधी वाटली नव्हती.

आता गंमत नाही पण खरंच कळत नाहीये कारण ब्लेड नवीन आहेत हो. एप्रिलमध्ये सिग्नलवर मिळतात त्यातली जोडी घेतली होती, दीडशे रुपयांची, ती जूनच्या पहिल्या पावसातच फराटे ओढायला लागली. मग जूनच्या शेवटी दुकानातून चांगल्या कंपनीची जोडी टाकली, साडेपाचशे गेले. पहिले दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच. नेमकं काय होतं ते लिहिते:

ड्रायव्हरकडचा वायपर वर जाताना आवाज करत नाही, खाली येताना थरथर थरथर करत उड्या मारत येतो. तो वीतभर पट्टा साधारण काचेच्या मधोमध, माझ्या नजरेच्या उंचीला. आणि तिसरं म्हणजे पुसल्यावर सेकंदभर काचेवर दुधासारखं काहीतरी धूसर राहतं, मग जातं, परत पुसलं की परत येतं. डावीकडचा त्या मानाने बरा आहे, धूसर तिथेही होतं पण थरथर नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं तर ते म्हणाले मोटर आणि खालची सगळी असेंब्ली बदला, साडेतीन हजार होतील. करायला हरकत नाही पण त्याने खरंच जाईल का हे? आणि सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं रबराला रॉकेल चोळ, मऊ होतं. करू का? पुढच्या महिन्यात गणपतीला परत त्याच रस्त्याने जायचंय म्हणून जरा घाई आहे.


घाटवाट:

सगळ्यात आधी, थांबलात ते फार चांगलं केलंत. ताम्हिणीत पावसात रात्री लोक उगाच रेटतात.

माझ्या मते फ्रेमवाले काढून फ्रेमलेस टाका, ते सपाट एकाच पट्टीचे येतात ना ते. जुन्या लोखंडी फ्रेमला सहा-आठ ठिकाणी सांधे असतात त्यात माती बसते, गंज चढतो, मग ते वाकत नाहीत आणि काचेच्या बाकाला चिकटून चालत नाहीत. शिवाय एक्सप्रेसवेला स्पीड वाढला की वाऱ्याने फ्रेम उचलली जाते, फ्रेमलेसला तो त्रास कमी. मी माझ्या गाडीला तीन वर्षं तेच वापरतोय.


गॅरेज_तीस_वर्षं:

ताई, मोटर बदलू नका. निदान अजून तरी नाही. मोटर खराब असती तर दोन्ही वायपर हळू चालले असते किंवा मध्येच अडकले असते, मोटर एकच असते आणि लिंकेजनं, म्हणजे खालच्या जोडदांड्यांनी, तिचा जोर दोन्हीकडे जातो. तुमचा एकच थरथरतोय, तोही एकाच बाजूला जाताना. ह्याचा मोटरशी काही संबंध नाही. माझं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो, आणि दर जूनमध्ये अशी निदान दहा-पंधरा गिऱ्हाईकं यायची की दोनदा ब्लेड बदललं तरी पुसत नाही. बहुतेक वेळा ब्लेडचा दोष नसतो, काच आणि आर्म, म्हणजे ब्लेड ज्याला लावतात तो लोखंडी दांडा, बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. ब्लेड दिसतं म्हणून ब्लेड बदलतात.

तुम्ही फार नीट लिहिलंय, त्यावरूनच सांगतो, तुमच्या गाडीत तीन वेगवेगळे प्रॉब्लेम एकत्र आलेत म्हणून गोंधळ होतोय.

थरथर आधी घेऊ. रबराची जी पातळ कड असते ती काचेवर सरळ उभी चालत नाही, ती मागे कलते आणि ओढली जाते, आपण फरशीवर वायपर ओढतो तसंच. वर जाताना ती एका बाजूला कलते आणि वर पोचून परत फिरताना टकन दुसऱ्या बाजूला पलटते. ही पलटी नीट झाली पाहिजे. आता आर्म जर किंचित पिळलेला असेल तर ब्लेड काचेला काटकोनात न राहता एका बाजूला झुकलेलं राहतं, मग एका दिशेला मस्त चालतं आणि दुसऱ्या दिशेला रबर पलटतच नाही, ते काचेत टोचत टोचत उड्या मारत जातं. एकाच दिशेला थरथर म्हणजे दहातल्या नऊ वेळा आर्म पिळलाय. दोन्ही दिशांना थरथर असेल तर काच तेलकट किंवा रबर कडक झालंय असं समजायचं.

बघायचं कसं, तर काच ओली करा, वायपर चालू करा आणि ब्लेड काचेच्या मध्यावर आलं की चावी बंद करा, म्हणजे ते तिथेच थांबेल. मग बाजूने वाकून ब्लेडच्या टोकाकडून बघा, ब्लेड काचेवर सरळ उभं आहे की एका अंगावर पडलंय. डावीकडचं पण बघा म्हणजे फरक लगेच कळेल. पिळ पडतो कशानं, तर वॉशिंग सेंटरला पोरं घाईत आर्म ओढतात, कव्हर घालताना त्याच्यात अडकतो, कधी ब्लेड काढताना लॉक सापडत नाही म्हणून लोक हिसडे देतात.

सरळ करायला आर्म उचलून उभा करायचा, दोन स्क्रू पाने घ्यायचे, तोंडाला फडकं गुंडाळायचं, एकाने आर्म खालच्या बाजूला घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने ब्लेडच्या हुकाजवळ अगदी हलकासा पीळ द्यायचा. डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढाच. मग ठेवून बघायचं, परत करायचं. एकदम जोर लावला तर आर्म जातो. एकानेच धरून पिळायला जाऊ नका, सगळा जोर आर्म खाली दांडीवर ज्या दात्यांनी बसतो त्यांच्यावर येतो.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, ब्लेड काढलेला नुसता आर्म उभा असताना खाली काचेवर जाड टॉवेल किंवा घोंगडी पसरून ठेवा. त्या स्प्रिंगला जोर असतो, आर्म हातातून सुटून उघडं लोखंड काचेवर आपटलं की काच तडकते. माझ्याच गॅरेजमध्ये एका पोराकडून झालेलं आहे, अख्खी समोरची काच आम्ही पदरच्या पैशाने नवी बसवून दिली. त्या दिवसापासून टॉवेलशिवाय कोणाला ब्लेड काढू दिलं नाही.

आता तो वीतभर पट्टा. तुम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्लेड लावले आणि पट्टा त्याच जागी राहिला, म्हणजे ब्लेडचा दोष नाही. आर्मच्या बुडाशी जो सांधा असतो, जिथून तो उचलला जातो, तिथे माती आणि गंज बसून तो जाम होतो, किंवा आतली स्प्रिंग इतक्या वर्षांत ढिली पडते. मग ब्लेडवर दाब पुरत नाही आणि जिथे काचेचा बाक बदलतो तिथे रबर टेकत नाही. दोन्ही आर्म एकेक करून दोन बोटांनी उचलून बघा, कुठला हलका लागतो, आणि सोडताना हळूच सोडत आणा, मध्येच अडकून राहतो का बघा. अजून एक, कोणाला तरी स्लो स्पीडवर वायपर चालू करायला सांगा आणि तुम्ही बाहेरून आर्मवर बोटाने किंचित दाब देत सोबत फिरा. दाबल्यावर पट्टा पुसला गेला तर दाबाचाच प्रॉब्लेम. सांध्यात डब्ल्यूडी फॉर्टी, तो गंज सोडवायचा स्प्रे, मारा, दहा-वीस वेळा वरखाली करा, पुसून घ्या आणि मग दोन थेंब मशीनचं तेल. काचेवर आणि रबरावर उडू देऊ नका, फडकं धरा. त्यानेही भागलं नाही तर तेवढा एक आर्म नवा घ्या, अख्खी असेंब्ली कशाला.

तिसरं ते दुधासारखं धूसर. ते काचेवरचं मेण किंवा तेल आहे. दर महिन्याला वॉशिंग सेंटरला पॉलिश मारून घेता का? बॉडीचं पॉलिश त्याच फडक्याने काचेवर फिरवतात, शिवाय रस्त्यावर पुढच्या गाड्यांच्या टायरमधून डिझेल-ऑईल मिसळलेलं पाणी उडतं, ते थर साचत जातात. त्यावर कितीही भारी ब्लेड लावा, पुसणार नाही, पसरवणार. नवीन ब्लेड दोन दिवस चांगलं चाललं आणि मग बिघडलं असं तुम्ही म्हणताय ना, ते ह्याचंच, नवीन रबराच्या कडेला ते मेण लागलं.

काच धुवायला बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, स्पंजने नीट चोळा, वायपर जिथे टेकतात ती खालची पट्टी विसरू नका, तिथेच सगळ्यात जास्त घाण असते. भरपूर पाण्याने धुवा. वाळल्यावर मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणून स्वच्छ सुती फडक्याने पुसा, रंगावर सांडू नका. मग पाणी ओतून बघा. पाण्याचा सलग पडदा खाली उतरला तर काच स्वच्छ, थेंब थेंब होऊन ठिकठिकाणी तुटलं तर अजून मेण आहे, परत करा. दोनदा-तीनदा करावं लागतं, आळस करू नका. रबर नुसत्या ओल्या फडक्याने चिमटीत धरून पुसायचं, काळं येत राहतं, यायचं थांबलं की झालं.

रॉकेल लावू नका. त्याने रबर आधी फुगतं म्हणून मऊ वाटतं, आठवड्यात कड वेडीवाकडी होते आणि वर काचेवर तेलाचा नवीन थर बसतो. पेट्रोल, डिझेल, टायर पॉलिश, काहीच नको.

घाटवाट साहेबांना विरोध करत नाही, फ्रेमलेस चांगले आहेत, पण त्यांना कारखान्यातून एकच बाक दिलेला असतो. प्रत्येक जुन्या काचेला तो बसेलच असं नाही, काही गाड्यांवर टोकं उचललेली राहतात. दुकानात लावून, काचेवर टेकवून, टोकापर्यंत रबर बसतंय का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.


तळकोकण:

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त आमच्या समुद्राच्या बाजूचं थोडं सांगतो कारण गणपतीला येणारे बरेच जण हे वाचतील.

मी वेंगुर्ल्याला असतो, घर किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने वायपरचा आर्म ज्या दांडीवर बसतो ती जाम होते. त्याचं लक्षण म्हणजे वायपर आधी हळूहळू स्लो होत जातात, लोक म्हणतात मोटर गेली, आणि खरं तर मोटर बिचारी जाम झालेल्या दांड्या ओढून दमलेली असते, तशीच रेटत राहिलात तर मग खरंच जळते. प्लास्टिकची टोपी काढली की खाली नट असतो, तो काढायच्या आधी ब्लेड काचेवर जिथे टेकलेलं आहे तिथे काचेला चिकटपट्टी लावून खूण करून ठेवायची, नाहीतर परत बसवताना एक दाता पुढे-मागे होतो आणि वायपर बाजूच्या खांबावर जाऊन आपटतो किंवा दोघं एकमेकांत अडकतात. आर्म हलवत हलवत काढायचा, हातोडी नाही. दाते तारेच्या ब्रशने साफ करून, किंचित ग्रीस लावून परत. आर्म परत बसवायच्या आधी मोटर एकदा चालवून बंद करायची, म्हणजे दांडी आपल्या थांबायच्या जागी येते, मग खुणेवर आर्म बसवून नट घट्ट करायचा.

आणि नट सैल असेल तर भर पावसात मोटरचा आवाज येत राहतो आणि वायपर हलत नाही. माझं झालंय असं आंबोलीत, धबधब्याच्या थोडं वर. सुदैवाने पाना होता गाडीत. तेव्हापासून त्या नटाला बसणारा पाना डिकीत नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो.

लहानपणी बघितलंय, ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायचे, कोणी बटाटा कापून फिरवायचं. पाणी काचेवर थेंब न धरता पसरून खाली जातं म्हणून थोडा वेळ दिसतं एवढं खरं. पण ते गाडी हळूहळू जवळच्या गावात न्यायला, तेवढ्यावर घाट चढायला जाऊ नये.

वॉशरच्या, म्हणजे काचेवर फवारा मारायच्या टाकीतल्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. बोअरचं पाणी भरू नका, त्यातल्या क्षारांनी बोनेटवरची बारीक भोकं बुजतात आणि काचेवर पांढरे डाग बसतात. आरओच्या मशिनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते काही लोक भरतात, त्यात तर क्षार अजून जास्त असतात. मी घरच्या एसीचं पाणी साठवून गाळून वापरतो, त्यात क्षार नसतातच म्हटलं तरी चालेल. भोकं बुजलीच तर टाचणीने मोकळी होतात, आणि त्याच टाचणीने फवाऱ्याची दिशा पण थोडी वरखाली करता येते. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका, छोटा पंप असतो तो जळतो.


पावसाळी_पुणेकर:

काका, खूप खूप धन्यवाद, मला इतकं सविस्तर कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. आणि तळकोकण दादा तुम्हालाही. हो, दर महिन्याला पॉलिश मारून घेते, बाबांची सवय होती ती मी चालू ठेवलीय. चावी बंद करून बघितलं आत्ताच पार्किंगमध्ये, ड्रायव्हरकडचं ब्लेड स्पष्ट एका अंगावर पडलंय!! डावीकडचं सरळ आहे. रविवारी भाऊ येतोय, दोघं मिळून करू.

एक विचारायचं राहिलं, ब्लेड घेताना लांबी कशी बघायची? दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून लगेच काढून दिले होते.


गॅरेज_तीस_वर्षं:

गाडीच्या नावावर जाऊ नका, टेपने मोजा. आधीच्या मालकाने, दुकानदाराने काय लावलंय ते सांगता येत नाही, म्हणून जमलं तर गाडीच्या पुस्तकातला आकडा पण बघून घ्या. नुसतं रबर टोकापासून टोकापर्यंत मोजायचं. पाकिटावर कधी इंच असतात कधी मिलीमीटर, चारशे म्हणजे १६ इंच, साडेचारशे म्हणजे १८, पाचशे म्हणजे २०, सव्वापाचशे म्हणजे २१. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरकडचं मोठं असतं. एक इंच मोठं घेतलं तर जास्त पुसेल असं वाटतं लोकांना, तसं होत नाही, टोक कडेच्या रबरावर आपटतं आणि आहे तोच दाब जास्त लांबीवर वाटला जातो. हूक पण बघा, आपल्या जुन्या गाड्यांना बहुतेक उलट्या यू सारखा वाकडा हूक असतो, पाकिटात तीन-चार क्लिपा येतात त्यातली बरोबर बसणारी लावायची, टक् आवाज आला पाहिजे, मग एकदा ओढून खात्री करायची.

पाकिटावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा. रबर दुकानात पडूनही कडक होतं, दोन-तीन वर्षं जुना माल स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका.

आणि तुम्ही एप्रिलमध्ये घेतलेत तिथेच निम्मे पैसे गेले. एप्रिल-मे चं ऊन रबराला सगळ्यात वाईट, काच तव्यासारखी तापते आणि रबर त्यावर चोवीस तास टेकलेलं. मे संपता संपता बदला, वळवाचे एक-दोन पाऊस जुन्यावर काढा. उन्हाळ्यात जमेल तेवढी गाडी सावलीत. आणि धुळीवर कोरडा वायपर कधीच नाही. पुण्यात हल्ली जिकडे तिकडे बांधकाम आहे, ती सिमेंट-वाळूची धूळ रबराखाली सापडली की काचेवर अर्धगोल चरे पडतात, ते जन्मभर राहतात. सकाळी आधी पाणी किंवा ओलं फडकं, मग वायपर.


पावसाळी_पुणेकर:

रविवारचा रिपोर्ट. उशिरा लिहितेय कारण खऱ्या पावसात बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सकाळी काच तीनदा धुतली. पहिल्यांदा धुतल्यावर पाणी ओतलं तर थेंब थेंब, मला वाटायचं असे मोत्यासारखे थेंब म्हणजे काच स्वच्छ! स्पिरिटने पुसल्यावर फडकं पिवळट-काळं झालं. तिसऱ्यांदा पाणी ओतलं तेव्हा पडद्यासारखं उतरलं. मग आतून पण पुसली, तर आत सुद्धा चिकट थर होता, भाऊ म्हणाला डॅशबोर्डला पॉलिश लावतो ते उन्हात उडून काचेवर बसतं. ते काढल्यावर रात्री लाईट फुटणं बरंच कमी झालंय, म्हणजे मी सगळा दोष वायपरला देत होते आणि काही भाग आतल्या बाजूचा होता.

आर्मचा सांधा खरोखर जाम होता, उचलला की वरच राहायचा, स्वतःहून खाली येत नव्हता. स्प्रे मारून, वरखाली करून सुटला, पण डावीकडच्यापेक्षा हलकाच लागत होता. दोन पाने घेऊन पीळ काढला, भावाने खाली धरलं, मी वरून, टॉवेल पसरून ठेवला होता आणि बरं झालं ठेवला कारण एकदा हातातून सुटलाच. थरथर पूर्ण गेली. पट्टा वीतभराचा दोन बोटं झाला पण पूर्ण गेला नाही, म्हणून सोमवारी नाना पेठेत जाऊन ड्रायव्हरकडचा आर्म नवा आणला, तीनशे ऐंशी रुपये. ब्लेड तेच ठेवले, साडेपाचशेचे, नुसते पुसून. काल संध्याकाळी मुद्दाम मुळशीपर्यंत जाऊन आले, पौडच्या पुढे धो-धो पाऊस होता आणि काच एका फेरीत साफ होत होती. आई शेजारीच होती, ती म्हणाली अगं आज रस्ता दिसतोय.

एक अजून, नट काढण्याच्या निमित्ताने वायपरखालची काळी जाळी बघितली, त्यात गुलमोहराचा पाला आणि माती नुसती ठासून भरली होती. तरीच डावीकडे पायाखाली ओल यायची. ती पण साफ केली.


घाटवाट:

वा, मस्त. ती जाळी सगळेच विसरतात, तिथून पाणी बाहेर जायची वाट बुजली की ते ब्लोअरमध्ये आणि तिथून पायात येतं.

काका, एक माझ्याकडून. फ्रेम चांगली असेल तर नुसतं रबर बदललेलं चालतं का? जुने लोक करायचे.


गॅरेज_तीस_वर्षं:

चालतं, आणि चांगल्या फ्रेमला मी तेच सांगतो, उगाच धातू कचऱ्यात टाकायचा कशाला. रबर जोडीने सुटं मिळतं, फ्रेमपेक्षा लांब असेल तर कात्रीने कापायचं. ज्या टोकाला ते अडकवायची खाच असते ते टोक कापायचं नाही, दुसरं कापायचं. जुन्या रबरात दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या असतात त्या जपून काढा, नवीन रबरात तशाच परत घालायच्या आहेत. त्यांना किंचित बाक असतो, दोघींचा बाक एकाच दिशेला, काचेच्या बाजूला वाकलेला आला पाहिजे, आणि त्यांच्यावरच्या खाचा रबराच्या गाठींत बसल्या पाहिजेत. तिथे चूक झाली की रबर चालताना सरकत सरकत बाहेर येतं आणि मग पट्टीचं लोखंड काचेवर घासतं. बसवल्यावर फ्रेमचे सगळे चिमटे एकेक करून बघा, एकही सुटलेला नको, आणि फ्रेमचे सांधे हाताने हलवून बघा, जाम असतील तर नुसतं रबर घालून उपयोग नाही, ब्लेडच नवं घ्या.

ताई, डावीकडचा आर्मही तेवढाच जुना आहे. आत्ता चांगला आहे तर राहू द्या, पण गणपतीला निघायच्या आदल्या दिवशी काच ओली करून दोन्ही एकदा नीट चालवून बघा, वॉशरची टाकी भरा, आणि वॉशिंग सेंटरला सांगून ठेवा की काचेला पॉलिशचं फडकं लावायचं नाही.


पावसाळी_पुणेकर:

आजच सांगून आले काका. पानाही कप्प्यात टाकलाय.